हेडर बसवल्यापासून टिकटिक, केबिनमध्ये धुराचा वास आणि न विझणारा चेक इंजिनचा दिवा

मुठाकाठ | ७ जून, रात्री ९.५०

माझी गाडी २०१६ ची, १.५ लिटर पेट्रोल, टर्बो नसलेली, बीएस-४ असून आतापर्यंत ७८,००० किलोमीटर चालली आहे. एप्रिलच्या अखेरीस मी पुण्यातील एका गॅरेजमध्ये मूळ मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करणारा भाग) काढून त्या जागी फोर-टू-वन हेडर (चार नळ्या एकीत मिळणारा मॅनिफोल्ड), त्याखाली स्वतंत्र स्पोर्ट्स कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि तेथून मागपर्यंत नवा पाइप व सायलेन्सर असा पूर्ण संच बसवून घेतला. सगळे पाइप एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चे आहेत. आवाज मनासारखा आला. ताकदीचे म्हणाल तर चार हजार आरपीएमच्या वर गाडी थोडी मोकळी झाल्यासारखी वाटते आणि खाली मात्र आधीपेक्षा मंद, हे प्रांजळपणे नोंदवतो.

दहा दिवसांनी सकाळी गाडी सुरू करताना बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकू येऊ लागली. चार-पाच मिनिटांत इंजिन तापले की ती थांबते. त्यानंतर सिग्नलला उभे असताना केबिनमध्ये धुराचा वास येऊ लागला आणि मग चेक इंजिनचा दिवा लागला. गाडीच्या संगणकातून दोषाचा कोड पी०१७१ निघाला. गॅरेजने ‘सेन्सर गेला’ म्हणून पुढचा (कॅटच्या आधीचा) ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि ६,८०० रुपये घेतले. १४० किलोमीटरवर दिवा परत लागला. आता पी०१७१ च्या जोडीला पी०१४१ आणि पी०४२० हेही आहेत, आणि शहरात साडेतेरापर्यंत मिळणारे अ‍ॅव्हरेज साडेदहावर आले आहे. आता मागचाही सेन्सर बदलावा लागेल, असे गॅरेजचे म्हणणे आहे. तो बदलण्यापूर्वी येथे विचारावे असे वाटले.

उद्यमनगरकर | ७ जून, रात्री १०.३५

सेन्सर बदलू नका. पुढचाही बदलायला नको होता, पण ते आता झाले.

गार असताना टिकटिक आणि तापल्यावर शांतता हे फ्लँजच्या, म्हणजे हेडर इंजिनच्या हेडला जोडणाऱ्या पट्टीच्या, गळतीचे जुने लक्षण आहे. गार असताना फ्लँज आणि हेडच्या मध्ये बारीक फट असते, धातू तापून फुगला की ती बऱ्याच अंशी मिटते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) आवाज आणि हा आवाज यांत अनेकांची फसगत होते. टॅपेटचा आवाज अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याने फारसा जाड होत नाही, गळतीचा मात्र भार पडला की लगेच जाड होतो.

तीन गोष्टी पाहून सांगा. बसवताना नवे गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) घातले होते, की जुनेच ठेवून कडेने लाल सिलिकॉन फिरवले होते? हेडरनंतर पाइपात जाळीची फ्लेक्सी, म्हणजे लवचीक तुकडा, आहे का? आणि फ्लँजची जाडी किती आहे, सहा मिलिमीटर की दहा?

लॅम्डा_एक | ७ जून, रात्री ११.२०

उद्यमनगरकरांशी सहमत आहे. मी काही वर्षे इंजिन चाचणीच्या कामात होते, त्यामुळे कोडबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिन्ही कोड एकाच दोषाचे असतील असे गृहीत धरले तर तुम्ही गोल गोल फिरत राहाल.

पी०१७१ चा अर्थ ‘सेन्सर बिघडला’ असा नाही. ‘मिश्रण विरळ आहे आणि मी जास्तीत जास्त पेट्रोल वाढवूनही ते सुधारत नाही,’ असे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्या कोडने सांगत असतो. पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचे आदर्श वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ असते. ते साधले की नाही हे ईसीयूला थेट दिसत नाही. धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून तो अंदाज बांधतो. आता धूर पाइपातून सलग वाहत नाही, प्रत्येक सिलिंडरच्या धक्क्याने तो उसळत जातो. धक्का पुढे सरकला की त्याच्या मागे क्षणभर दाब वातावरणापेक्षाही खाली जातो आणि तेवढ्या वेळात फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. सेन्सर तो जसा आहे तसा मोजतो, ईसीयू मिश्रण विरळ समजतो आणि पेट्रोल वाढवतो. म्हणजे कोड ‘विरळ’ म्हणत असताना तुमचे इंजिन प्रत्यक्षात श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या, मिश्रणावर चालते आहे. तुमचे अ‍ॅव्हरेज तेथे गेले. प्लग काढून पाहिलेत तर काळे निघतील.

हे फक्त पुढच्या सेन्सरच्या आधी असलेल्या गळतीला लागू आहे. दोन सेन्सरच्या मध्ये गळती असेल तर मागचा सेन्सर फसतो आणि कॅट चांगला असूनही पी०४२० (कॅट नीट काम करत नाही, असा कोड) किंवा पी२०९६ (कॅटनंतरचे मिश्रण विरळ) येऊ शकतो. मागच्या सेन्सरच्याही बऱ्याच मागे, सायलेन्सरकडे गळती असेल तर आवाज आणि वास येईल, पण दिवा सहसा लागणार नाही. पी०१४१ वेगळ्याच घरातला आहे. तो मागच्या सेन्सरच्या हीटरच्या वीजजोडणीबद्दल आहे, धुराशी त्याचा थेट संबंध नाही. त्यामुळे आधी गळती, मग वायर, आणि त्यानंतरही उरला तरच पी०४२०, असा क्रम ठेवा.

ओबीडीचे (गाडीचे कोड वाचणारे) साधे ब्लूटूथ यंत्र असेल तर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ किंवा घट, टक्क्यांत) दोन ठिकाणी टिपा, एकदा आयडलला आणि एकदा २,५०० आरपीएम स्थिर धरून. गळती असेल तर आयडलची बेरीज मोठी आणि वर गेल्यावर लहान दिसेल, कारण धुराचे प्रमाण वाढले की तेवढ्याच फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा कमी होतो. मात्र इनटेकच्या बाजूला व्हॅक्यूमची नळी निसटली असली तरीही अगदी हाच नमुना दिसतो. हेडर बसवताना त्या भागात हात घातलेला असतो, म्हणून त्या नळ्याही तपासा.

आणि तोपर्यंत काचा थोड्या खाली ठेवून गाडी चालवा, एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवा आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून उभे राहू नका. वास येतो तो इतर वायूंचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मध्यरात्र_द्रुतगती | ८ जून, सकाळी ८.०५

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजत नाही. मागच्या सेन्सरखाली स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा) लावावा, म्हणजे तो धुराच्या मुख्य प्रवाहातून बाहेर येतो आणि पी०४२० निघून जातो. नाहीतर ईसीयू रिमॅप करताना (त्याचा प्रोग्राम बदलताना) मागचा सेन्सरच बंद करून टाकावा. माझ्या गाडीत दोन वर्षे असेच आहे आणि काहीही झालेले नाही.

लॅम्डा_एक | ८ जून, सकाळी ९.१०

काहीही झालेले नाही असे नसून काही झाले तरी आपल्याला कळणार नाही अशी व्यवस्था आपण केलेली आहे. स्पेसरने कॅट सुधारत नाही. शिवाय मुठाकाठ यांच्या गाडीत पुढच्या बाजूला गळती असताना दिवा तेवढा विझवला, तर इंजिन जास्तीचे पेट्रोल कॅटमध्ये ढकलत राहील, ते तेथे जळेल आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळून रस्ता तुंबेल.

कायद्याचा भागही आहेच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२ अ (४) नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ध्वनी आणि वायू प्रदूषणासाठी कलम १९०(२) वेगळे आहे. मुठाकाठ, तुमची पीयूसी केव्हा संपते आहे? बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतात, आणि हाय आयडलला (वाढवलेल्या आयडलला) लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष मिश्रणाचे आदर्श मिश्रणाशी गुणोत्तर, ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. गळतीतून हवा मिसळत असेल तर चाचणी प्रामाणिकपणे झाल्यास तुम्ही लॅम्डावरच अडकाल.

नेकारकाठचा | ८ जून, दुपारी १.४०

येथे स्टुटगार्टजवळ तर मान्यतेचा कागद नसलेला एक्झॉस्ट लावला की गाडीची रस्त्यावर चालवण्याची परवानगीच रद्द ठरू शकते, आणि दर दोन वर्षांच्या तपासणीत परीक्षक पाइपावरचा कोरलेला मान्यता क्रमांक टॉर्च लावून वाचतो. त्यामुळे स्पेसरचा विषय चहाच्या वेळी निघतो आणि तेथेच संपतो.

एक तांत्रिक भर घालतो. सेन्सर बसवायचा बंग (पाइपाला वेल्ड केलेली आट्यांची कडी) आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर हवा, म्हणजे पाइपात साचणारे पाणी सेन्सरच्या टोकावर येत नाही. छोट्या छोट्या फेऱ्यांत पाइपात बरेच पाणी जमते आणि तापलेल्या सिरॅमिकवर गार थेंब पडला की ते तडकते. बाजारातल्या संचांत बंग कोठेही जोडलेला असतो. तेवढे पाहून घ्या.

मुठाकाठ | ११ जून, सायंकाळी ६.३०

सर्वांचे आभार. काल सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बसलो. टेलपाइपमध्ये व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट्या, म्हणजे हवा फेकणाऱ्या बाजूने घालून भोवती ओले फडके कोंबले, इंजिन बंदच ठेवले आणि भांड्यांच्या साबणाचे पाणी फवाऱ्याने प्रत्येक जोडावर मारले. खाली कॅटच्या पुढच्या आणि मागच्या जोडावर काही नाही. वर हेडरच्या फ्लँजवर चौथ्या सिलिंडरपाशी मात्र मोहरीएवढे बुडबुडे रांगेने येऊ लागले, आणि पहिल्यापाशीही थोडे. खात्रीसाठी गार इंजिन सुरू करून चौथ्या सिलिंडरजवळ उदबत्ती धरली, तर तिचा धूर एकदा बाहेर उडायचा आणि लगेच फटीकडे ओढला जायचा. लॅम्डा यांनी लिहिलेले ‘ओढले जाते’ हे डोळ्यांनी पाहिले.

आयडलला शॉर्ट टर्म अधिक ८ आणि लाँग टर्म अधिक १८, म्हणजे बेरीज २६ टक्के. २,५०० आरपीएमला बेरीज ७ टक्के. व्हॅक्यूमच्या सर्व नळ्या जागेवर आहेत.

गॅस्केट जुनेच आहे आणि कडेने लाल सिलिकॉन फिरवलेले स्पष्ट दिसते. फ्लेक्सी नाही. फ्लँज सहा मिलिमीटरचा आहे. बंग वरच्या बाजूला, ठीक आहे. मागच्या सेन्सरची वायर कमी पडली म्हणून सुमारे एक फूट वायर नुसती पिळून जोडली आहे, वर काळी टेप गुंडाळली आहे आणि तो जोड पाइपापासून दोन बोटांवर लोंबतो आहे. टेप वितळून गुळाच्या पाकासारखी ओघळली आहे. सेन्सरच्या कनेक्टरवर हीटरचा रोध मीटरने ९ ओहमच्या आसपास आला, म्हणजे सेन्सर जिवंत आहे. गाडीकडच्या बाजूने मात्र जोडाच्या पलीकडे काहीच पोहोचत नाही.

उद्यमनगरकर | ११ जून, रात्री ९.१५

बहुतेक सारे सापडले की. आता दुरुस्तीचे सांगतो, पण त्याआधी हे का झाले ते समजून घ्या, नाहीतर नवे गॅस्केट दोन महिन्यांत पुन्हा जाईल.

एसएस ३०४ तापल्यावर ओतीव लोखंडापेक्षा बराच जास्त वाढतो. एक मीटर पाइप ४०० अंशांनी तापला तर साधारण सात मिलिमीटर लांबतो, लोखंडी चार-साडेचार. तुमचे इंजिन आडवे बसवलेले आहे, त्यामुळे गिअर बदलताना ते माउंटिंगवर पुढे-मागे झुलते. ही वाढ आणि हा झोल सामावून घेण्यासाठी मूळ पाइपात फ्लेक्सी दिलेली असते. तुमच्या संचात ती नाही, म्हणजे सगळी ओढ वरच्या फ्लँजवर येते. त्यात सहा मिलिमीटरचा पातळ फ्लँज, आणि त्यावर चार पाइप वेल्ड करताना तो जिगला (घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्याला) न बांधता केला असेल तर केळीसारखा वाकलेला असणार. मधले नट आवळले की कडेचे पोर्ट उघडे राहतात. म्हणून तुमचा पहिला आणि चौथा गळतो.

हेडर काढा. काढण्याआधी स्टडवर भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, गरम-गार झालेले स्टड घाईने फिरवले तर हेडमध्ये तुटतात आणि मग खर्च दुसऱ्याच वर्गात जातो. फ्लँजवर सरळ पट्टी आडवी धरून फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाने) घाला. मी ०.१ मिलिमीटरपलीकडे सोडत नाही. त्यापेक्षा जास्त असेल तर सरफेस ग्राइंडिंगला द्या. आमच्याकडे उद्यमनगरात हे काम तासाभराचे आहे, तुम्हाला भोसरीत कोणीही करून देईल. हेडचा पृष्ठभाग अ‍ॅल्युमिनियमचा आहे, तेथे ग्राइंडर किंवा जाड पॉलिशपेपर लावू नका. प्लास्टिकच्या खरवडणीने सिलिकॉन काढा आणि पोर्टमध्ये फडके कोंबायला विसरू नका.

गॅस्केट मूळ कंपनीचे, अनेक थरांचे स्टीलचे घ्या आणि कोरडे बसवा. सिलिकॉन अजिबात नाही. नट नवे घ्या, मधून सुरुवात करून आलटून पालटून कडेकडे जा, दोन-तीन टप्प्यांत मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत. खाली फ्लेक्सी वेल्ड करून घ्या आणि वेल्डिंग टिगचे, आतून आर्गन सोडून करायला सांगा. आतून आर्गन नसला तर वेल्डच्या मागच्या बाजूला काळी साखर धरल्यासारखी खरखर येते आणि पुढे तेथेच चीर जाते.

मफलर पेस्टचा सल्ला कोणी दिला तर ती फार तर सायलेन्सरकडच्या जोडाला. कॅटच्या आधीच्या जोडाला लावली तर ती वाळून तिच्या कपच्या कॅटमध्ये जातात.

लॅम्डा_एक | ११ जून, रात्री १०.००

सिलिकॉनबद्दल एक जोड. साध्या लाल सिलिकॉनची वाफ धुरातून सेन्सरपर्यंत गेली की टोकावर पांढरी पूड बसते आणि सेन्सर मंदावतो. गॅरेजने काढलेला जुना सेन्सर तुमच्याकडे असेल तर दोन्हींची टोके शेजारी ठेवून पाहा. परत बसवताना आट्यांवर सेन्सरसाठीचीच पेस्ट, तीही टोकाला न लागू देता.

वायरचा जोड सोल्डर करू नका. अशा बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते आणि सोल्डर व फ्लक्स ती वाट बुजवतात. चांगले क्रिंप, वर उष्णतारोधक नळी, आणि वायर पाइपापासून दूर, पत्र्याला क्लिपने बांधलेली.

मुठाकाठ | २३ जून, रात्री १०.१०

काम झाले. वर्णन लांबणार आहे, पण पुढच्या कोणाला उपयोगी पडेल.

हेडर निघाला तेव्हा जुन्या गॅस्केटवर चौथ्या पोर्टपासून कडेपर्यंत काजळीचा पंखा उमटलेला होता, निरांजनावर वाटी धरली की उमटते तसा. दुसऱ्या-तिसऱ्या पोर्टभोवती गॅस्केट स्वच्छ, चकचकीत. सरळ पट्टीखाली कडेला ०.३५ चे पान सहज गेले. ग्राइंडिंगवाल्याने पाहताच ‘हे वेल्डिंगनंतर फेसच केलेलं नाही’ असे सांगितले. दोन्ही सेन्सर शेजारी ठेवले. जुना तांबूस-करडा, अगदी निरोगी, आणि महिन्यापूर्वी बसवलेल्या नव्याच्या टोकावर पांढरट थर. म्हणजे ६,८०० रुपये देऊन मी चांगला सेन्सर काढून वाईटाच्या वाटेला लागलेला बसवला. जुनाच परत लावला.

ग्राइंडिंग, गॅस्केट, नट, फ्लेक्सी आणि वेल्डिंग मिळून ५,४०० रुपये झाले. टिकटिक नाही, वास नाही. ३०० किलोमीटरनंतर आयडलला ट्रिमची बेरीज अधिक ३, आणि वरही तेवढीच. पी०१७१ आणि पी०१४१ गेले. पी०४२० मात्र चौथ्या दिवशी परत आला. मागच्या सेन्सरचा आलेख पाहिला तर तो ०.२ ते ०.८ व्होल्टमध्ये सतत वर-खाली होतो.

लॅम्डा_एक | २३ जून, रात्री ११.०५

हा कोड आता खरा आहे. कॅट चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि गरजेप्रमाणे सोडतो, त्यामुळे त्याच्या मागचा सेन्सर स्थिर चालीत ०.६ ते ०.८ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सरळ रेषा काढतो. तुमचा हेलकावतो आहे, म्हणजे कॅट फारसे काही साठवत नाही. तो किती सेलचा, म्हणजे जाळीत दर चौरस इंचाला किती छिद्रांचा, आहे? आणि इंजिनपासून किती अंतरावर?

मुठाकाठ | २४ जून, सकाळी ७.४५

बिलावर १०० सेल लिहिले आहे. मूळ कॅट मॅनिफोल्डला चिकटून होता, हा सुमारे ७० सेंटिमीटर खाली आहे.

लॅम्डा_एक | २४ जून, सकाळी ९.२०

मग उत्तर आलेच. मूळ कॅट इंजिनला खेटून ठेवतात तो सुरू केल्याबरोबर लवकर तापावा म्हणून. साधारण २५० ते ३०० अंशांखाली तो जवळजवळ काहीच करत नाही. तुम्ही तो लांब नेलात आणि जाळीही विरळ केलीत, म्हणजे तापायला वेळ जास्त आणि काम करणारा पृष्ठभाग कमी. ४०० सेलचा चांगला कॅट शक्य तितका वर बसवून कदाचित जमेल, पण त्याची हमी मी देणार नाही आणि कायद्याचा प्रश्न तसाच राहील. मूळ मॅनिफोल्ड तुमच्याकडे आहे का?

मध्यरात्र_द्रुतगती | २४ जून, सकाळी ९.५५

स्पेसर १५० रुपयांना मिळतो, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

मुठाकाठ | ६ जुलै, रात्री ८.३०

मूळ मॅनिफोल्ड सुदैवाने माळ्यावर होता. शनिवारी तो कॅटसह परत बसवला, नव्या गॅस्केटवर. मागचा नवा पाइप आणि सायलेन्सरही उतरवून मूळचा लावला, कारण आवाजाची पातळी मोजून घेतल्याशिवाय तो ठेवण्याचे धाडस झाले नाही. सेन्सरची वायर आता वाढवण्याची गरजच उरली नाही, म्हणून मधला फूटभराचा तुकडा काढून मूळ लांबीवर क्रिंप केले. कोड पुसल्यावर तीन दिवस सकाळी गार इंजिनावर निघून सिंहगड रस्त्याने एकसारख्या वेगात जाऊन आलो. काल कॅटचा मॉनिटर (ईसीयूने स्वतः केलेली कॅटची तपासणी) ‘पूर्ण’ दाखवू लागला, कोड नाही, मागचा सेन्सर ०.७ वर शांत. अ‍ॅव्हरेज तेरावर आले आहे. खालची ताकद परत आली हे पहिल्याच चढावर जाणवले. आवाज अर्थातच गेला आणि त्याचे वाईट वाटते.

हेडर विकणार का, असे दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. फ्लँज आता सरळ आहे आणि फ्लेक्सीही आहे, पण तो रस्त्यावरच्या गाडीसाठी देणार नाही.

उद्यमनगरकर | ६ जुलै, रात्री ९.०५

छान. ५०० किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण गार असताना मॅनिफोल्डचे नट एकदा टॉर्कने तपासा, विशेषतः चौथ्या पोर्टचा खालचा. तेथे पाना तिरका बसतो आणि तोच नट सगळे विसरतात.